वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरील सुरक्षित जोडणी आणि प्रमाणपत्रांचे इशारे

प्रश्न : बरेच महिने बंद असलेला जुना लॅपटॉप मी पुन्हा वापरायला काढला आहे. लिनक्स नीट सुरू होते, इंटरनेटही जोडले जाते. परंतु कोणतेही संकेतस्थळ उघडले की जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. लिनक्स नव्याने टाकावे का?

उत्तर : त्याची घाई करू नये. इशारा एकाच संकेतस्थळावर येत असेल, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. सगळीकडेच येत असेल, तर आधी आपला संगणक तपासावा आणि त्यातही सर्वप्रथम घड्याळ. संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी ब्राउझरला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. प्रत्येक प्रमाणपत्रावर त्याच्या मुदतीची सुरुवात आणि शेवट नोंदलेला असतो आणि ब्राउझर या दोन्ही तारखा संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असेल, तर संगणक सुरू होताना कित्येक वर्षांपूर्वीची तारीख धरून बसतो आणि आज चालू असलेल्या प्रमाणपत्राची मुदत त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. क्रोममध्ये अशा वेळी इशाऱ्याच्या खाली ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असा संकेत दिसतो. तो बारीक अक्षरांतला संकेत वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण वरच्या मोठ्या लाल मजकुरापेक्षा तो कितीतरी नेमके सांगतो.

टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड दिली की स्थानिक वेळ, जागतिक वेळ, हार्डवेअर घड्याळाची वेळ आणि प्रणालीचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवले गेले आहे की नाही, हे सारे एकाच ठिकाणी दिसते. त्यातील जागतिक वेळ बरोबर असणे महत्त्वाचे, कारण प्रमाणपत्राची मुदत तिच्यावरच मोजली जाते. नुसता टाइम झोन चुकला तर इशारा येत नाही. मात्र झोन चुकलेला असताना भिंतीवरच्या घड्याळाशी मेळ बसावा म्हणून कोणी वेळ हाताने बदलली, तर जागतिक वेळ काही तासांनी सरकते आणि नुकतीच दिलेली प्रमाणपत्रे तेवढ्याने अडू शकतात. डेबियन किंवा उबुंटूवर अद्ययावतीकरण करताना ‘रिलीज फाइल अजून ग्राह्य नाही’ अशा अर्थाची तक्रार आली, तर तीही मागे पडलेल्या घड्याळाचीच खूण समजावी.

घड्याळ बरोबर असेल, तर विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांची, म्हणजे संकेतस्थळांना प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांची, यादी जुनी झाली आहे का ते पाहावे. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांवर ही यादी ‘सीए-सर्टिफिकेट्स’ या पॅकेजमधून येते. ती जुनी राहिल्याचे परिणाम ३० सप्टेंबर २०२१ रोजी अनेकांनी अनुभवले. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्याही आधारावर ओळखली जात होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली, आणि ज्या यंत्रांकडे त्या संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र नव्हते ती अडली. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची १.०.२ ही आवृत्ती वापरणारी यंत्रे तर नवे मूळ प्रमाणपत्र जवळ असूनही अडली, कारण ती आवृत्ती मुदत संपलेल्या प्रमाणपत्राकडे जाणारी, एकाने दुसऱ्यावर केलेल्या सह्यांची साखळीच धरून बसे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी बाळगतो आणि आताचा क्रोमही तसेच करतो, म्हणून पॅकेज अद्ययावत करूनही ब्राउझरची तक्रार कायम राहिली, तर ब्राउझरच अद्ययावत करावा लागतो.

प्रश्न : एक संकेतस्थळ ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते, पण त्याच पत्त्यावरून ‘कर्ल’ या टर्मिनलमधील साधनाने फाइल उतरवू लागलो की स्थानिक यादीत प्रमाणपत्र देणारा सापडत नाही, असे उत्तर येते. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : बहुतेक वेळा ‘कर्ल’चे. मूळ संस्था संकेतस्थळाला सहसा थेट प्रमाणपत्र देत नाही. ती एका मधल्या प्रमाणपत्रावर सही करते आणि ते मधले प्रमाणपत्र संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर सही करते. हे मधले प्रमाणपत्र आपल्या प्रमाणपत्राबरोबर पाठवणे हे सर्व्हरचे काम आहे. सर्व्हर चालवणाऱ्याने ते जोडलेच नाही, तर साखळी मध्येच तुटते. क्रोम अशा वेळी प्रमाणपत्रात नोंदलेल्या पत्त्यावरून मधला दुवा स्वतः मिळवतो आणि फायरफॉक्सने असे दुवे आधीच साठवून ठेवलेले असतात. त्यामुळे दोष झाकला जातो. लिनक्सवरचा ‘कर्ल’ सहसा असे काही करत नाही, म्हणून तो दोष उघडा पाडतो.

खात्री करायची असेल, तर ओपनएसएसएलची ‘एस-क्लायंट’ ही कमांड ‘शो-सर्ट्‌स’ या पर्यायासह त्या पत्त्याच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालवावी. येणाऱ्या मजकुरात साखळीतले प्रत्येक प्रमाणपत्र ० पासून क्रमाने दिसते. प्रत्येकापुढे ते कोणाचे आहे आणि त्यावर सही कोणाची आहे, अशा दोन ओळी असतात; एकाची सही करणारा तोच पुढच्याचा धारक असायला हवा. केवळ ० क्रमांकाचेच प्रमाणपत्र आले आणि त्यावर एखाद्या मधल्या प्रमाणपत्राची सही असली, तर दोष सर्व्हरवर आहे आणि तसे तेथील व्यवस्थापकाला कळवावे. या अडचणीवर ‘कर्ल’ला पडताळणीच बंद करायला लावणारा ‘के’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो. असा सल्ला देणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण एकदा तो पर्याय स्क्रिप्टमध्ये शिरला की पुढे कोणीही तो काढत नाही आणि वाटेत बसलेल्या तिऱ्हाइताला दार उघडेच राहते.

प्रश्न : कार्यालयाच्या नेटवर्कवर माझ्या लिनक्स संगणकाला प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र एकाच अनोळखी नावाने दिलेले दिसते. घरी तसे होत नाही.

उत्तर : कार्यालयाची सुरक्षा यंत्रणा जोडणी मध्येच उलगडून तपासते आणि स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र पुढे करते, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. तेथील संगणक विभागाला विचारून खातरजमा करावी आणि मूळ प्रमाणपत्र त्यांच्याकडूनच घ्यावे; इशाऱ्याच्या पानावरून उतरवून घेऊ नये. उबुंटूवर ती फाइल ‘यूएसआर’मधील ‘लोकल’, त्यातील ‘शेअर’ आणि त्यातील ‘सीए-सर्टिफिकेट्स’ या फोल्डरमध्ये ठेवून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी. फाइलच्या नावाचा शेवट ‘सीआरटी’ असा नसेल, तर ती कमांड फाइलकडे बघतही नाही; पुष्कळांचा वेळ इथेच जातो. फायरफॉक्समध्ये तेच प्रमाणपत्र सेटिंग्जमधून वेगळे घालावे लागू शकते. जावाची आणि पायथॉनच्या काही लायब्ररींची यादीही स्वतंत्र असते.

प्रश्न : काही संकेतस्थळांवर इशारा येतो, पण ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायच दिसत नाही. तो कसा आणावा?

उत्तर : आणू नये. आपल्याशी केवळ सुरक्षित जोडणीच करावी, असे त्या संकेतस्थळाने ब्राउझरला आधीच बजावलेले असते. एचएसटीएस नावाच्या या पद्धतीचे प्रमाणीकरण २०१२ साली झाले आणि तिच्या नियमांनुसार वापरकर्त्याला इशारा ओलांडण्याची मुभा दिली जात नाही. इशाऱ्याचे मूळ कारण मात्र वर सांगितलेल्यांपैकीच एखादे असते, तेव्हा तपास घड्याळापासूनच सुरू करावा.