गडग्यापलीकडची मुलं

प्रश्न : ताई, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आमचं घर आहे. यजमान मुंबईला नोकरीला, इथे मी आणि सासूबाई. शेजारी तीन मुलगे. थोरला नववीत, धाकटा यंदा पहिलीत जाईल. मे महिना लागला की आमच्या आंब्याच्या कलमावर दगड सुरू. परवा एक दगड पडवीवर आला, कौल फुटलं आणि खापऱ्या सासूबाईंच्या पुढ्यात पडल्या. खळ्यात आमसुलं वाळत असतात, रसाची पुटं देऊन देऊन माझे हात लाल होतात. त्यात चेंडू येतो आणि मागोमाग हे तिघं चपलांसकट. सासूबाई ओरडल्या की त्यांच्या वाकून चालण्याची नक्कल करतात. वडिलांना गडग्यावरून सांगितलं तर म्हणाले, "पोरं नाय खेळणार तर काय तुझी सासू खेळणार?" आणि मुलांसमोरच हसले. रात्री साडेअकरापर्यंत अंगणात स्पीकर असतो, तो वेगळाच. नणंद म्हणते, पोलिसांत जा. काय करू?

उत्तर : शेजाऱ्याचं ते वाक्य वाचून मला संताप आला. चेंडू आणि कैऱ्या मे महिन्यात कुठल्याच वाडीला चुकत नाहीत. म्हाताऱ्या बाईची नक्कल आणि त्यावर बापाचं हसणं ही गोष्ट निराळी. ती चेंडूच्या तक्रारीत मिसळू नका. चार तक्रारी एका दमात सांगितल्या की समोरचा त्यातली सगळ्यात हलकी उचलतो आणि तिच्यावरच बोलत बसतो. तुमच्या बाबतीत तेच झालंय.

गडग्यावरून बोलणं आता बंद करा. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, ज्याचा ते मान ठेवतात असं वाडीतलं एखादं जाणतं माणूस सोबत न्या. मुलांची आईही समोर असू दे. फुटलेलं कौल हातात घ्या आणि सांगा, "हे आईंच्या पुढ्यात पडलं. हातभर इकडे आलं असतं तर डोक्यात बसलं असतं." मुलं वाया गेली, संस्कार नाहीत, असलं काही काढू नका. ते काढलंत की बाप मुलांची बाजू घेणार आणि दगड राहील बाजूला. मग त्यांच्याकडे बघून म्हणा, "आईंना मुलांसमोर हसलात, ते मला चालणार नाही." पुढे एक शब्द बोलू नका. त्यांना उत्तर शोधू दे.

थोरल्याला भावंडं नसताना गाठा, नावाने हाक मारा. धाकटे त्याचंच बघून करतात. आंबे काढायला झेला घेऊन त्याला बोलवा, चार आंबे हातावर ठेवा. पण आधी त्याने सासूबाईंची माफी मागायची, त्यात सूट नाही.

मुलांपायी पोलिसांत जाणं मला पटत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, आणि अठराच्या आतल्यांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. नववीतल्या पोराला त्या वाटेला कशाला लावायचं? स्पीकर मात्र मोठी माणसं लावतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. एकदा सांगा, नाही ऐकलं तर ११२ ला फोन करा, तिथे भीड नको.

एवढं करूनही दगड थांबले नाहीत तर ग्रामपंचायतीत तंटामुक्त समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम असल्याच भांडणांसाठी आहे. वकिलाची गरज पडलीच तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलेला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

यजमानांना सगळं कळवा, पण त्यांनी मुंबईहून फोनवर शेजाऱ्याला दम देऊ नये. रोज त्या घरासमोर तुम्ही दोघी असता. आणि कौल पावसाआधी बदलून घ्या. एकच असलं तरी त्याचे पैसे शेजाऱ्यांकडे मागा.