आईसाठी पहिलंच विणकाम? मग स्वेटर नको

अगं, एकदम स्वेटरला हात घालू नकोस. बाह्या आणि गळा जमेपर्यंत थंडी सरेल आणि सगळं अर्धवट कपाटात जाईल. आधी आई काय वापरते ते बघ. पहाटे फिरायला जात असेल तर मफलर किंवा कानटोपी. घरात गार फरशीवर वावरत असेल तर पायमोजे हवेहवेसे वाटतील, पण टाच वळवणं नवख्या हाताला जड जातं. ते पुढच्या वर्षी.

मला विचारशील तर साधा मफलर कर. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या सुया घे आणि सगळ्या ओळी सुलट टाक्यांनी वीण (सुलट आणि उलट हे विणकामाचे दोन मूळ टाके). कडा गुंडाळत नाहीत, कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणकाम दिसतं गुळगुळीत, पण मफलरच्या कडा आत वळतात.

लोकर आधी मानेला घासून बघ, टोचली तर ठेव परत. आई सगळंच मशीनमध्ये टाकणारी असेल तर अ‍ॅक्रिलिक बरी, फक्त इस्त्री लावू देऊ नकोस. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घे, नाहीतर मध्येच रंगाचा पट्टा दिसतो. आणि रंग तिच्या साड्या बघून निवड, तुझ्या आवडीचा नको!