बांधीतल्या शेवाळावर पोट भरेल का?

(गोंदिया जिल्ह्यातल्या एका धान उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी ती बांधीतलं, म्हणजे धानाच्या पाणी भरलेल्या शेतातलं, शेवाळ बाटल्यांत भरून नेते, त्यातून खत आणि इंधन होईल का ते तपासते. वडील विचारतात, "हे करून नोकरी लागेल, की आत्ताच बी.एड.ला घालू?")

नमस्कार भाऊ,

रोवणीनंतर बांधीच्या पाण्यावर येणारा निळसर-हिरवा थर तुम्ही जन्मभर पाहिला आहे. धानाच्या बांधीला नत्र पुरवण्यात या जिवांचा वाटा मोठा, हे पी. के. डे या शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवलं. तुमची मुलगी त्याच वाटेवर आहे.

एकदा तिच्या कॉलेजात जा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. ॲनाबिना नावाचं शेवाळ दिसेल, अगदी मण्यांची माळ. मधेच एखादा फिकट, जाड सालीचा मणी. हवेतला नत्र तिथे पकडला जातो. ते काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून त्या मण्याने साल जाड करून घेतलेली असते. नत्र नसलेल्या द्रावणात जे शेवाळ वाढतं ते स्वतःचा नत्र स्वतः कमावतं, म्हणून तुमची मुलगी आधी तेच निवडते. मग वाढ कुणाची जोमदार, नत्र कोण जास्त देतं, उन्हाळा कोण काढतं, हे एकेकाचं तपासायचं. बाहेरून आणलेलं शेवाळ आपल्या बांधीत बरेचदा टिकत नाही. इथल्या मातीपाण्याला सरावलेलं टिकण्याची आशा जास्त. परिस्थिती चांगली असेल तर हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो असतो, आता तुम्हीच हिशेब करा.

इंधनाचं मात्र मी स्पष्ट सांगतो. या जिवांत साठवलेलं तेल थोडंच असतं, आणि पाण्यातून ते गोळा करून वाळवायचा खर्च मोठा. अभ्यास म्हणून तिने तेही जरूर करावं, पण पोटापाण्याचा भरवसा खताच्या बाजूवर ठेवावा.

पुढे एम.एस्सी. हवीच. नागपूर आणि गोंडवाना विद्यापीठांबरोबर तिने जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी. प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षाही द्याव्यात; गॅट-बीतून प्रवेश मिळाला तर विद्यावृत्तीही मिळते. त्यानंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची विद्यावृत्ती, मिळाली, तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये हाती येतात. ती परीक्षा अवघड आहे, एका फटक्यात निघेलच असं नाही. नाहीच निघाली तर जैविक खतांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. आज घाई करून तिला तिकडे वळवू नका, ही माझी कळकळीची विनंती. या सुट्टीत साकोली किंवा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात तिला घेऊन जा, तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलू द्या.

आणि एक काम तुमचं. प्रत्येक बाटलीवर गाव, बांधी, तारीख आणि पाण्याची खोली लिहिली आहे का ते पाहा. शेतात युरिया जास्त पडला की हे जीव नत्र पकडणं थांबवतात, त्यामुळे कोणत्या बांधीत कधी आणि किती युरिया टाकला, ही नोंद तिला लागणारच. ती तुमच्याशिवाय कोण देणार?