घरच्या घरी गाडी पॉलिश करताना

प्रश्न : उन्हात पाहिले असता गाडीच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते घरीच काढण्यासाठी कोणता पॉलिशर आणि कोणती साधने घ्यावीत?

उत्तर : नवख्या माणसाने ड्युअल ॲक्शन पॉलिशरच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोटरी पॉलिशरचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने एका जागी उष्णता साचते आणि कडांवरचा रंग पाहता पाहता उडू शकतो. ड्युअल ॲक्शनचे पॅड मात्र फिरता फिरता डोलते आणि दाब जास्त झाला की त्याचे फिरणे मंदावते. वेग कमीजास्त करता येणारे, ५ इंची बॅकिंग प्लेटचे (पॅड जिच्यावर बसते ती चकती) यंत्र बहुतेक गाड्यांना पुरते.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मिलिमीटरच्या अवघ्या काही शतांशांइतकाच जाड असतो आणि प्रत्येक पॉलिशबरोबर तो झिजतो. म्हणून आधी गाडी धुऊन, क्ले बारने (चिकणमातीसारख्या मऊ वडीने) चिकटलेली धूळ काढून, सावलीत वीतभर जागेवर मऊ फोम पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून पाहावे. तेवढ्याने ओरखडे गेले, तर त्याहून कडक काही लावूच नये. रबर व प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावावी. मायक्रोफायबरचे कापड भरपूर ठेवावे आणि जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय रंगाला मुळीच लावू नये.