पायपर कबचे जुने लॉगबुक हरवले असल्यास १९५० च्या दशकातील दुरुस्त्यांचे काय?

१९४६ चे पायपर जे-३ कब अमेरिकेत विकत घेताना त्याचे १९६० पूर्वीचे लॉगबुक, म्हणजे देखभालीची नोंदवही, मिळत नसेल, तर ते विमान कागदोपत्री कायमचे अडकते का, असे आपण विचारले आहे. मी येथे अशाच लहान विमानांच्या देखभालीचे काम करतो. माझ्या मते ते अडकत नाही, मात्र काही कामे पुन्हा करावी लागतील.

आजच्या नियमानुसार साध्या देखभालीची नोंद तेच काम पुन्हा होईपर्यंत किंवा एक वर्ष जपली की पुरते. एकूण उड्डाणतास, एअरवर्दीनेस डिरेक्टिव्हच्या (सुरक्षिततेसाठी सरकारने सक्तीच्या केलेल्या तपासणी-दुरुस्तीच्या आदेशांच्या) पूर्ततेची स्थिती आणि मोठ्या फेरबदलांचे ३३७ क्रमांकाचे फॉर्म मात्र विमानासोबत नव्या मालकाकडे गेलेच पाहिजेत.

१९६४ मध्ये विमान-देखभालीच्या आजच्या अमेरिकी नियमांचा भाग ४३ येण्यापूर्वी दुरुस्त्या सिव्हिल एअर रेग्युलेशन्स या जुन्या नियमावलीच्या भाग १८ प्रमाणे होत आणि तेव्हाच्या फॉर्मवर ‘एसीए-३३७’ असे छापलेले असे. पंखाचा स्पार (पंखातील मुख्य लांब तुळई) त्या काळी जोडला असेल, तर ते काम तेव्हाच्या नियमाने पारखावे. आजचा रकाना त्यात रिकामा दिसतो म्हणून जुना कागद बाद ठरवणे मला अन्यायाचे वाटते. या फॉर्मची एक प्रत सरकारकडे जात असल्याने, मालकाने हरवलेला कागद ओक्लाहोमा सिटीत सरकार ठेवत असलेल्या विमानाच्या फाइलमध्ये पुष्कळदा सापडतो.

खरी अडचण डिरेक्टिव्हची आहे. कबच्या पंखांना आधार देणारे मूळ स्ट्रट म्हणजे पोकळ पोलादी नळ्या. आत पाणी शिरले की त्या आतून गंजतात आणि वरचा रंग शाबूत असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. त्यासाठीच्या २०१५-०८-०४ या डिरेक्टिव्हची पूर्तता दाखवता आली नाही, तर ती तपासणी नव्याने करावी लागते, किंवा सीलबंद स्ट्रट बसवून वारंवारच्या तपासणीतून मोकळे होता येते.

कबच्या सांगाड्यावर चढवलेल्या कापडाबाबत तर जुन्या कागदापेक्षा प्रत्यक्ष ताकदच मोजावी लागते. कबसारख्या हलक्या भाराच्या व मंदगती विमानाला इंचाला ६५ पौंड ताकदीचे सुती कापड चालत असे आणि ती ४६ पौंडांखाली गेली की कापड बदलावे लागते. येथे एक चूक मी वारंवार पाहतो: विमानावर अधिक भक्कम, ८० पौंडी ग्रेड-ए कापड चढवलेले असते म्हणून त्याची ५६ पौंडांची मर्यादा कबलाही लावली जाते आणि चांगले कापड उतरवले जाते.

किंमत ठरवण्याआधी ओक्लाहोमाची फाइल मागवा आणि वार्षिक तपासणीवर सही करण्याचा अधिकार असलेल्या मेकॅनिककडून ती विमानाशेजारी उभे राहून वाचून घ्या.