बाटलीतून पाणी प्यायलात, तेवढ्यासाठी रक्त तपासू नका

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलात, मग तिच्या ओठावर फोड दिसला, आणि आता तुम्ही दिवसभर आरशात ओठ बघताय. लॅबमध्ये जाऊन टेस्ट करू का, असं विचारलंय म्हणून राहवलं नाही. माझं निमित्त लिपबामचं होतं, बाकी अवस्था हीच. मी डॉक्टर नाही. सोसलंय तेवढंच सांगते.

बाटलीतून हर्पिसची, म्हणजे ओठावर असे फोड आणणाऱ्या विषाणूची, लागण होणं अगदी अशक्य नाही, पण क्वचितच होते. हा विषाणू मुख्यतः ओठाला ओठ, कातडीला कातडी लागून पसरतो. फोड ओला असताना सगळ्यात जास्त, कधीकधी फोड नसतानाही. बाहेर वाळला की फार टिकत नाही, साबणाने मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे. बऱ्याच जणांना लहानपणीच घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो. ताप आला की ओठावर 'जर' (बारीक फोड) फुटतो म्हणतात ना, तो बहुतेक वेळा हाच.

आता लॅबचं. तिथे कुणी विचारलंसुद्धा नाही की फोड आहे का, कधीपासून आहे. पॅकेज घ्या म्हणाले. रिपोर्टवर आयजीएम (विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचा एक प्रकार) पॉझिटिव्ह, ठळक अक्षरांत. अर्थ विचारला तर 'डॉक्टरांना दाखवा'. दाखवलं, तर त्या डॉक्टरांना हर्पिस म्हटल्यावर शरीरसंबंधच आठवले, आणि त्यांनी सासूबाईंसमोर नवऱ्याला विचारलं, बाहेर कुठे काही संबंध? घरी आल्यावर माझं ताट-वाटी वेगळं झालं. सासूबाईंना हर्पिस म्हणजे नागीण वाटली, त्यामुळे त्या आणखी घाबरल्या. (नागिणीचा विषाणू कांजिण्यांचा, हा तो नव्हेच.) नवरा-बायकोत जे बिनसलं ते निस्तरायला फार काळ गेला.

पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. आयजीएम चुकीचं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि जुन्या लागणीतही वर येतं. आयजीजी या दुसऱ्या अँटिबॉडीवरून विषाणू कधीतरी अंगात आला एवढंच कळतं. कधी, कुठून, कुणाकडून ते नाही. शिवाय अँटिबॉडी तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणजे आज रक्त देऊन या बाटलीबद्दल काहीच कळणार नाही. लक्षणं नसताना असली पॅकेजं विकणं मला सरळ अन्याय वाटतो. रिपोर्ट हातात देणाऱ्याने दोन वाक्यं तरी समजावून सांगायला हवीत.

लागण झालीच तर फोड साधारण २ ते १२ दिवसांत येतो. आला, तर लगेच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ताज्या फोडातून स्वॅब घेता येईल का विचारा. असायक्लोविरच्या (विषाणूवरच्या औषधाच्या) गोळ्या सुरुवातीलाच, चुणचुणायला लागल्याबरोबर घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात, पण मनाने घेऊ नका. जिभेवर किंवा गालाच्या आत जे नेहमीचं तोंड येतं ते वेगळं, ते संसर्गाने पसरत नाही.

मैत्रिणीशी बोलणं टाकू नका. तिची लिपस्टिक-लिपबाम तेवढं वापरू नका. काळजी करायचीच तर तान्ह्या बाळांची करा: ओठावर फोड असलेल्या कुणालाही, मग ती आत्या असो की आजी, बाळाची पापी घेऊ देऊ नका. नवजात बाळाला हा आजार जिवावर बेतू शकतो. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती थुंकीने ओली करायची सवय आजच सोडा, विषाणू डोळ्यात गेला तर नजरेवर परिणाम होऊ शकतो.