धानाची बांधी आणि मिथेन

प्रश्न : उन्हाळी धानामुळेही हवामान बदलतं, असं आम्हाला सांगतात. धूर कारखान्यांचा आणि दोष धानाला? बांधीतून नेमकं निघतं काय, आणि ते कमी कसं करायचं?
– एक शेतकरी, भंडारा जिल्हा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. मुख्य कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळणं हेच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२०च्या वर गेलेत. जमिनीतून परत जाणारी उष्णता हा वायू अडवतो. मिथेनही तेच करतो, आणि वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट जास्त.

बांधीत पाणी सतत तुंबलं की चिखलातला प्राणवायू संपतो. मग तिथले सूक्ष्मजीव धसकटं आणि कच्च्या शेणखतापासून मिथेन तयार करतात. चिखलात पाय घातल्यावर बुडबुडे उठतात, त्यांत तो असतोच; पण बराचसा धानाच्या खोडातल्या पोकळ्यांतून वर येतो.

म्हणून पाणी मध्येमध्ये आटू द्या. ३० सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, खालच्या २० सेंमीला भोकं पाडा, तेवढा भाग जमिनीत गाडा आणि आतली माती उपसून काढा. रोवणीनंतर दोनेक आठवड्यांनी सुरुवात करा. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी उतरलं की बांधीत ५ सेंमी पाणी भरा. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा मात्र ५ सेंमी पाणी ठेवाच. तेव्हा ताण बसला तर दाणे पोचट राहतात.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. तण आटोक्यात यायच्या आधी पाणी आटवलं तर निंदणाचा खर्च वाढतो. तण फार असेल तर आणखी आठवडाभर थांबा. दुसरी चूक युरियाची. तो पाणी देण्याच्या अगदी आधी, सुकत्या जमिनीवर टाका, म्हणजे पाण्याबरोबर मुळांपर्यंत उतरेल. नाहीतर ओल्या-सुक्या मातीत त्यातला काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू मिथेनहूनही कितीतरी पट उष्णता अडवतो.

खरिपात झडीच्या पावसात हे जमणार नाही. पाणी तुमच्या हातात असतं त्या उन्हाळी धानातच करा.

प्रश्न : यंदा थंडी कडाक्याची पडली. मग तापमानवाढ कुठे गेली?

उत्तर : एका हिवाळ्यावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी साधारण ३० वर्षांची सरासरी पाहतात, आणि ती चढतीच आहे.